कुलपाची खूण

शुक्रवार, संध्याकाळ. चिखली

सोमवारी सकाळी नेटवर्कच्या दारात बसवलेल्या नव्या फायरवॉलला भंडारा लावला, हात जोडले आणि आमच्या कंपनीच्या सर्व्हरची गुप्त किल्ली त्यात भरली. तेव्हापासून सर्व्हरकडे कुलूपबंद येणारं सगळं आधी तिथे उघडतं, तपासलं जातं आणि पुन्हा कुलूप लावून पुढे जातं. चोर कुलपाआडूनच येतात, म्हणून हे हवंच होतं. पण कामगारांच्या निनावी तक्रारींचं पान त्याच सर्व्हरवर आहे, हे माझ्या लक्षात कसं आलं नाही?

पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपमधल्या शबानाला गेल्या महिन्यात मीच म्हणालो होतो, "बिनधास्त लिही. पानाच्या वर कुलपाची खूण दिसते ना? मध्ये कुणी वाचत नाही."

"तुमच्या खंडोबाची शपथ, काका?"

"खंडोबाची शपथ."

बुधवारी तिने लिहिलं, मशिनचा सेफ्टी सेन्सर बंद ठेवून काम करून घेतात. आज मॅनेजर हसत म्हणाले, "आता सगळं उघडं दिसतंय ना राव? कुठल्या फोनवरून आलं, तेवढं काढा."

मी नाही म्हणालो.

"मग उद्या फायरवॉलवाल्यांचा इंजिनिअर काढेल."

काढेलच. किल्ली मीच दिलीय. आणि तिच्या फोनवर कुलपाची खूण अजून तशीच दिसतेय.

शिफ्ट सुटताना तिला गेटवर गाठून सगळं सांगितलं.

"शपथ तुमची मोडली काका, नोकरी माझी जाणार."

तिच्यासमोरच फोन काढला आणि तीच तक्रार, खाली माझं पूर्ण नाव घालून, त्याच पानावर पाठवून दिली.