हैबतरावाचे वजन

३ जुलै
काल पेणला डॉक्टरांकडे हैबतराव भरले सात किलो दोनशे! बोका आहे की गादी? दूध-भात बंद, मासळी बंद, दोन वेळा मोजूनच खाणं. नाहीतर मधुमेह. पण उतरवायचं हळूहळू — महिन्याला शंभर-दीडशे ग्रॅम. एकदम उतरलं तर लिव्हर जातं म्हणे, मांजर दगावतं.

घरच्या काट्यावर तो एकटा थांबतोय कसला! ह्यांनी तोड काढली. धाटावच्या कंपनीत बत्तीस वर्षं स्टोअर सांभाळलं ना! "रिकाम्या ड्रमचं वजन एकदाच घ्यायचं. मग दर वेळी तेवढं वजा." आधी एकटे चढले — एकसष्ट. मग बोक्याला घेऊन — अडुसष्ट दोनशे. बरोब्बर! आता दर रविवारी दोघांनी चढायचं, एकसष्ट वजा.

१० जुलै
सहा किलो सातशे. हे खूश. मी नाही. एका आठवड्यात अर्धा किलो?

१७ जुलै
पाच नऊशे! पोट तर होतं तेवढंच. ह्यांनी भिंतीला हात टेकला असणार. पथ्य लवकर संपावं म्हणून! "उपाशी मारतेस त्याला," म्हणतात, आणि स्वतः अर्धी भाकरी ताटात टाकतात. बोक्यासाठी सत्याग्रह! ती अर्धी भाकरी कुणाच्या पोटात जाते, मला कळत नाही का?

१९ जुलै
मासळीवाल्या धोंडुबाईला दारातच गाठलं. "नाय गो बाय, खवला पन नाय दिला त्याला!" बोलताना पाटीकडे बघत होती. माझा नाही विश्वास.

२४ जुलै
पाच किलो. काटा बिघडला की काय म्हणून पाच किलोची तांदळाची पिशवी ठेवून पाहिली. पाचच दाखवतोय.

३१ जुलै
मी समोर उभी. हात भिंतीपासून लांब, दोन्ही पाय मधोमध. चार किलो शंभर! महिन्यात तीन किलो? गळ्यातला पट्टा मात्र अजून त्याच भोकात. म्हणजे काहीतरी लबाडी आहेच. पण नसली तर? लिव्हर गेलं तर? भीती वाटते मला. उद्या मी एकटीच नेते पेणला. ह्यांना सांगणार नाही.

१ ऑगस्ट
डॉक्टरांच्या टेबलावर हैबतराव एकटाच बसला. सात किलो शंभर. "छान! असंच हळूहळू," डॉक्टर म्हणाले.

घरी आले आणि ह्यांना एकट्याला काट्यावर चढवलं.

अठ्ठावन्न.

हे खालीच बघत राहिले. "घास उतरत नाही गं, मालती. दोन महिने झाले. आधी म्हटलं, जाईल आपोआप. मग तुला बोक्याचीच इतकी काळजी लागलेली…"