ज्ञानकोशात मी

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.
कामाला लागलो. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात भलत्यासलत्या माणसांवर लेख आहेत. एका गृहस्थांवर तर ते फक्त उंच होते म्हणून आहे. मी तेहतीस वर्षं रेडिओवरच्या नाटकांना आवाज पुरवले. पत्रा हलवून वीज पाडली, मक्याच्या पिठाची पिशवी दाबून बर्फात माणसं चालवली. माझ्यावर एक ओळ नाही. दुसऱ्या कुणी लिहायची वाट बघितली तर ती श्रद्धांजलीच व्हायची. स्वतःच लिहिणार. 'ते' म्हणून लिहायचं, म्हणजे प्रौढी वाटत नाही.

२४ फेब्रुवारी
लेख झाला. चार पानं. 'ते स्वभावाने अत्यंत विनम्र आहेत' हे वाक्य तीनदा आलं होतं, एक काढलं. मुख्य भर दीपगृहाच्या नाटकावर. त्यातली बायको शेवटी नवऱ्याला सोडून खडीवरून चालत जाते. एकतीस पावलं, बाकी काही नाही. लोक रेडिओसमोर बसून रडले होते. लिहिलं: 'ही पावलं त्यांचीच निर्मिती.' 'कुटुंब' या मथळ्याखाली: पत्नी (दिवंगत), एक मुलगी. पुढे काही सुचलं नाही. तसंही लेख माझ्यावर आहे.

२६ फेब्रुवारी
तिथे 'टाचणी' नावाने वावरणारे कोणी संपादक आहेत. बाई की बुवा, कळायला मार्ग नाही. माझ्या प्रत्येक वाक्यापुढे 'स्रोत हवा' अशी पाटी. जन्मापुढेसुद्धा! जन्मलो नाही तर टाइप कोण करतंय? टाचणींचं म्हणणं, माणसाने स्वतःवर लिहू नये, स्वतःकडे बघताना नजर सरळ राहत नाही. शिवाय लेख एकदा तिथे गेला की आपला राहत नाही. चांगलं येईल तसं नकोसंही येईल, आणि ते आपल्याला पुसता येणार नाही. मी कळवलं, माझ्या बाबतीत नकोसं काही नाहीच.

१ मार्च
'एक निष्पक्ष श्रोता' या नावाने दुसरं खातं उघडलं. चर्चेच्या पानावर लेखाची तोंड भरून स्तुती केली. झकास जमली.

१ मार्च, दुपारी.
सवयीने खाली स्वतःचं नाव टाकलं होतं. खातं बंद. टाचणींनी रागाचा एक शब्द लिहिला नाही, त्याचाच जास्त राग आला.

४ मार्च
पुरावा आहे माझ्याकडे! भिंतीवरच्या फ्रेममध्ये, माझ्या फोटोखाली, जुनं कात्रण आहे. मथळा: 'दीपगृहातील पावलांमागे' आणि पुढे माझं नाव. खालचा मजकूर कापला गेलाय, फ्रेम लहान होती. पण तारीख नसलेलं कात्रण चालत नाही म्हणे. वाचनालयात जुने अंक असतात. ग्रंथपालबाईंना फोन लावणार, तेवढ्यात मुलीचाच आला. बाबा, आज काय आहे, लक्षात आहे ना, असं विचारत होती. म्हटलं, मंगळवार, वाचनालय उघडं आहे. बरं, ठेवते म्हणाली. हल्ली हिला बोलायला विषयच नसतात.

८ मार्च
बाईंना अंक सापडला. पानाचा फोटो थेट टाचणींनाच पाठवायला सांगितला, म्हणजे मी मध्ये हात मारला असं कुणी म्हणायला नको. बाई म्हणाल्या, एकदा वाचून तरी बघा. म्हटलं, पाठ आहे.

११ मार्च
टाचणींनी तेच पान मला पाठवलं. मथळा माझ्या नावावर संपत नाही. खालच्या ओळीत 'यांच्या पत्नी' आहे.
माझ्यावर अर्धी ओळ, हिच्यावर अर्धं पान. मुद्रणाच्या दिवशी मी सकाळपासून खडी तुडवत होतो, पण ऐकताना पुरुषच चालतोय असं वाटायचं. शेवटी डबा घेऊन आलेल्या हिला खडीच्या ट्रेवर उभं केलं. सातवा महिना होता. पाऊल जड पडायचं, मध्येच थांबायचं. हे सगळं छापलंय. टाचणींना आणखी तीन लेख सापडलेत. पुढच्या एकोणीस नाटकांतही पावलं हिचीच.
खरं आहे. नाव द्यायचं का, असं रेडिओ केंद्रावर विचारलं होतं. घरचंच माणूस आहे, नाव कशाला, असं मीच म्हणालो होतो. ही डबा धूत होती.

१५ मार्च
टाचणींनी माझा लेख काढला. हिच्यावर सुरू केला. मी 'पती' या मथळ्याखाली फक्त चार वाक्यं घातली. दहा मिनिटांत पुसली. नातेवाइकांनी लिहू नये, विचारलं तर सांगावं म्हणे.

१८ मार्च
त्या लेखाखाली नाटकाचं जुनं ध्वनिमुद्रण आहे. ऐकलं. सव्विसाव्या पावलाला ही थांबते. थांबू नको म्हणून मी काचेमागून हातवारे करत होतो. तरी थांबली. मग पुढची पाच. माझी मुलगीही त्या पावलांत आहे, हे आज लक्षात आलं. पुन्हा ऐकलं. हिची आठवण आली. फार आली.

२० मार्च
टाचणींनी आज विचारलं. लेखात जन्मतारीख रिकामी आहे, कुटुंबाकडून कळली तर छापील नोंद शोधायला सोपं जाईल.
साधा प्रश्न. एक्केचाळीस वर्षांचा संसार. हिच्या मृत्यूची तारीख पाठ आहे, कागदांवर सह्या माझ्याच होत्या. जन्म उन्हाळ्यातला असावा. की नंतरचा? कपाट उघडून बसलो. साड्या आहेत, कागद नाहीत.
शेवटी मुलीला फोन केला. ती म्हणाली, चार मार्च.
मागची पानं उलटून बघितली. चार मार्चला मी लिहिलंय: मंगळवार, वाचनालय उघडं आहे.
टाचणींना कळवलं. जन्म: ४ मार्च. स्रोत: मुलगी.