डब्यातली जास्तीची बटणं

प्रिय टिचकी,

नेहमीप्रमाणे मी सांगतेय आणि तुझा बाप लिहितोय. आज बेकरी बंद, म्हणून जेवणं झाल्यावर पेन देऊन त्याला माझ्या कॉटसमोर बसवलाय. नियम तुला ठाऊक आहे, तरी त्याच्यासाठी पुन्हा सांगते. मी बोलेन ते जसंच्या तसं उतरायचं, आणि पत्र पोचलं की तू ते मला फोनवर सगळंच्या सगळं वाचून दाखवायचं. मागे याने स्वतःच्या घोरण्याबद्दलची दोन वाक्यं गाळली होती, ती चोरी तुझ्या वाचण्यातूनच सापडली. मला अक्षर येत नाही, पण मी काय बोलले ते माझ्या लक्षात राहतं. निदान राहत होतं. मधले दोन महिने त्याचाच मोठा घोळ झाला.

तुला सुरुवातीपासून सांगते. डॉक्टरांनी माझ्या रक्तात साखर काढली आणि काय खायचं, काय नाही याचा कागद दिला. तुझ्या आईने तो कपाटाला चिकटवला. मला त्यात मुंग्यांची रांग दिसते, पण तुझ्या आईने इतक्या वेळा वाचून दाखवला की पाठ झाला. आठ दिवस मी उकडलेल्या शेंगा अशा गुणाने खाल्ल्या की माझं मलाच कौतुक वाटायला लागलं. नवव्या दिवशी तुझा बाप दर शनिवारसारखी तुटक्या बिस्किटांची पुडी घेऊन आला. दोन खाल्ली. मग म्हटलं, दिवस बुडालाच आहे तर अर्धवट कशाला बुडवा, आणि पुडी संपवली. तुला फोनवर रडत सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, आजी, एक टाका उसवला म्हणून तू कधी अख्खा सदरा फाडलास का. नर्स झालीस आणि मलाच माझ्या धंद्यातलं शिकवायला लागलीस. चाळीस वर्षं शिंप्याकडची काजं-बटणं केली मी, पण हे काही सुचलं नव्हतं.

मग तूच पत्र लिहून तो डबा लावून दिलास. चूक झाली की माझ्या जुन्या बटणांच्या बरणीतलं एक बटण डब्यात टाकायचं. रडायचं नाही, लपवायचं नाही, उरलेला दिवस नीट जेवायचं. रविवारी तुझ्या आईने बटणं मोजायची. तुझं ते पत्र तुझ्या बापानेच मला वाचून दाखवलं होतं, तेव्हा हसत होता. पहिल्या आठवड्यात नऊ निघाली, मग सहा, मग चार. चारांतलं एक तर नुसतं केकचा कागद चाटल्याचं होतं. इतकी प्रामाणिक मी लग्नातही नव्हते.

आणि अचानक एका रविवारी अकरा निघाली. मला चारच आठवत होती. पुढच्या रविवारी बारा. तुझी आई रागावली असती तर बरं वाटलं असतं, पण ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं आपण चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधणाऱ्याकडे बघतो. मग तिने हळूच विचारलं, आई, आज वार कोणता. मी वार बरोबर सांगितला, पण मनात धसका बसला. खाल्लेलं विसरतेय म्हणजे उद्या तुझा चेहरा विसरेन. शेवटी मी न खाल्लेल्या बिस्किटांचीही कबुली द्यायला लागले. म्हटलं, मंगळवारी खाल्लं असेल बाई, दुपारी डोळा लागतो तेव्हा उठून खात असेन. झोपेत चालणारी माणसं असतात, तशी मी झोपेत चरणारी.

पण डोकं दगा देत असलं तरी माझी बोटं अजून माझी आहेत. दोन भोकांचं बटण कुठलं आणि चार भोकांचं कुठलं, हे मला न बघता कळतं. मी ठरवलं, माझ्या चुकीला फक्त दोन भोकांचं टाकायचं. रविवारी तुझी आई मोजायच्या आत डबा मांडीवर पालथा केला. दोन भोकांची तीन. चार भोकांची सात. म्हणजे मी वेडी नाही. एवढा आनंद झाला की त्या भरात एक बिस्किट खाल्लं, आणि त्याचं बटणही टाकलं.

आधी संशय आला तुझ्या आईचा, पण ती चिमणीएवढं खाते आणि ते लपवत नाही. मग मी बरणीच उचलून उशीखाली ठेवली. म्हटलं, बघू आता चोर काय टाकतो. आज सकाळी डब्यात माझी तीन निघाली आणि एक मोठं, तपकिरी, दोऱ्यासकट ओढून काढलेलं. दोऱ्याच्या टोकाला गाठ होती. टिचकी, ती गाठ माझ्या हातची. बेकरीच्या कोटाच्या बाहीला मी स्वतः लावलेलं बटण ते.

असा चोर मी जन्मात पाहिला नाही. खाताना सगळ्यांपासून लपवतो आणि खाल्ल्याचं बटण मात्र न चुकता टाकतो. बरणी मिळाली नाही तर स्वतःची बाही उसवतो. मग माझ्या डोक्यात एकेक टाका बसायला लागला. या वर्षात मी त्याच्या दोन पँटची कंबर आत घेतली आणि म्हणत राहिले, काम फार आहे पोराला. तांब्याभर पाणी एका दमात पितो. आणि आत्ता लिहिताना बाही वर सरकतेय, तिथे मनगटावर भट्टीच्या पत्र्याचा चटका आहे. तो दीड महिन्यापूर्वीचा. अजून ओला. तुझ्या आजोबांच्या पायाची जखमही साखरेमुळे अशीच ओली राहिली होती. पुढचं तुला माहीत आहे.

आता माझं मलाच कळत नाहीये काय करावं. त्याच्यामुळे दोन महिने मी स्वतःला वेडी समजले, म्हणून कान उपटावेत, की साठीला टेकलेला हा मुलगा, पाव चाखल्याशिवाय ज्याचं पोटही भरत नाही आणि भट्टीवरचं कामही होत नाही, तो कुणाला सांगणार होता, म्हणून जवळ घ्यावं. तोंडावर विचारलं असतं तर हसून उठून गेला असता. तुला फोन केला असता तर तू त्याला विचारलं असतंस आणि तो तुझ्याशी खोटं बोलला असता. खोटं बोलता येत नाही ते त्याला एकाच ठिकाणी, त्या डब्याजवळ. म्हणून त्याच्याच हाताने हे सगळं लिहून घेतलं. गाळता येणार नाही, तू वाचून दाखवणार आहेस. मघापासून मधेमधे पेन थांबतंय त्याचं. थांबू दे. खाली जागा सोडायला सांगितलीय, तिथे काय लिहायचं ते मी सांगणार नाही.

तुझीच,
तीन बटणांची आजी

ता. क. हे आई सांगत नाहीये. सात महिन्यांपूर्वी बाजारातल्या दवाखान्यात तपासलं होतं, साखर तीनशेच्या वर निघाली. परत गेलो नाही. तुझ्या आईला अजून माहीत नाही, हे पाकीट बंद करायच्या आधी सांगतो. चटक्याला काय लावायचं आणि कुणाकडे जायचं ते कळव. आईने बरणी परत जागेवर ठेवलीय, आणि शेजारी दुसरा डबा.