एका ग्लासात एक

४ मार्च
आजही नर नाही! तळ्यात पाणी जेमतेम घोट्याएवढं उरलंय. दोन तास जाळी फिरवली. कोळंबीसारखे चौसष्ट जीव मिळाले, बोटाच्या पेराएवढे — सगळ्या माद्या. अंड्यांच्या पिशवीला दोन काटे. असे काटे कुठल्याच नोंदीत नाहीत. प्रजाती नवीन आहे, मला खात्री आहे. पण यांची प्रजाती ठरते नराच्या डोक्यावरच्या, मादीला धरायच्या पकडीवरून. प्रयोगशाळेतले सर म्हणाले, "काटे राहू देत. नर आण, मग बोलू."

९ मार्च
तळं आटलं. तळाचा चिखल खरवडून आणला. त्यात अंडी असतात. पाणी मिळालं की फुटतात.

१२ मार्च
फुटली! पिल्लं टाचणीच्या टोकाएवढी. एकत्र ठेवली तर एकमेकांचे पाय तोडतात, आणि मला नर धडधाकट हवा. म्हणून चिखलातून उचलून उकळून गार केलेल्या पाण्यात — एका ग्लासात एक. चाळीस ग्लास. घरात एकही उरला नाही.
आई म्हणे, "कोणी आलं तर पाणी ओंजळीत देऊ का?"
ताई म्हणे, "आई, ही निदान नर शोधतेय, त्यातच समाधान मान!"
मी ग्लासांवर आकडे टाकत बसले.

२४ मार्च
अकरा ओळखण्याइतक्या वाढल्या. माद्या. प्रयोगशाळेत माद्यांच्या बाटल्या पडून आहेतच. ओतून दिल्या.
सर म्हणाले, "एकतीसला हंगामात सापडलेल्या प्रजातींची यादी जाते. नर नसेल तर नेहमीच्या प्रजातीत टाकतो. उगाच ताणू नकोस."
ताणत नाहीये!

२८ मार्च
आणखी अठरा. माद्या. मोरीत.
दिवसभर येरझाऱ्या. आई म्हणे, "बस गं एका जागी, फरशी झिजेल."

३० मार्च
उरलेल्या अकराही माद्याच. दहा ओतल्या, एक चित्र काढायला ठेवली. सरांना फोन केला — टाका नेहमीच्या प्रजातीत. "शहाणी आहेस," म्हणाले. चित्र काढलंच नाही.

३१ मार्च
शेवटचा ग्लास विसळायला उचलला. पाण्यात काहीतरी हललं. भिंगाखाली धरला — पिल्लं! तेवीस. आणि ही जन्मल्यापासून त्या ग्लासात एकटी.
यांच्यात नर नसतोच!
एकोणचाळीस पुरावे मी माझ्या हाताने मोरीत ओतले. सर फोन उचलत नाहीत. यादी दुपारी जाते. ग्लास घेऊन निघाले.