संजूची विद्यार्थिनी

प्रिय आई,

मागच्या रविवारी वाशीला बाबांकडे गेले होते. खालच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय. त्यातल्या बाईने मला जिन्यातच गाठलं. तिचा मुलगा कीबोर्ड शिकतो. "ताई, तुमच्या भावाला म्हणे तुमच्या आईनेच घरी तयार केलं. आमचा क्लासला छान वाजवतो आणि घरी हात लावत नाही. रोजचं टेन्शन! त्या काय करायच्या हो?"

मी म्हटलं, "त्याच्याकडून शिकायची."

"म्हणजे त्याला शिकवायच्या?"

"नाही. त्याच्याकडून शिकायची."

ती बघतच राहिली. मग तिच्या घरी बसून मी सगळं सांगितलं. सांगताना जाणवलं, आपण या विषयावर दोघी कधी बोललोच नाही. तुला जाऊन वर्ष झालं. आता विचारायला तू नाहीस, म्हणून लिहायला बसले.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाचं हे. बाबांना ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आपण परळची खोली सोडून वाशीत आलो. दोन खोल्या, स्वतंत्र संडास, आणि खिडकीतून दिसणारे रिकामे प्लॉट. तुला सगळ्यात कसलं अप्रूप होतं, तर ओट्याचं. उभ्याने स्वयंपाक! आठवतं?

त्या घरात बाबांनी व्हायोलिन आणलं. लहान मुलांचं, बुटकं. संजू आठ वर्षांचा. तू विचारलंस, "त्याने मागितलं का?"

"त्याला काय कळतंय मागायला? मोठा झाला की आठवण काढेल माझी."

दर रविवारी चेंबूरहून ओगले सर खाडीपुलावरून बसने यायचे. पांढरा सदरा, हातात छत्री. शिकवायचे मनापासून, पण आठवड्यातून एकदाच. मधले दिवस बाबांच्या ताब्यात. कारखान्यातून आले की हातपाय धुऊन टेबलावर गजराचं घड्याळ ठेवायचे आणि समोर बसायचे. संजू चुकला की एकच शब्द, "पुन्हा." मारत नव्हते, ओरडतही नव्हते. पण त्या "पुन्हा"ने संजूचे कान लाल व्हायचे. मी बाजूला अभ्यासाला बसलेली असायचे. रोज संध्याकाळी त्याचं पोट दुखायला लागलं. तू ओवा द्यायचीस. ओव्याने जाणारं ते दुखणं नाही, हे तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना? मग इतके दिवस गप्प का राहिलीस?

एकदा ओगले सरांनी व्हायोलिनचा गज खाली ठेवला आणि म्हणाले, "हा घरी वाजवत नाही."

बाबा उखडलेच. "सर, मी स्वतः रोज तासभर बसवतो त्याला!"

"बसतो. वाजवत नाही."

त्याच आठवड्यात संजू नाहीसा झाला. बाबा घरी यायची वेळ झाली आणि हा कुठेच नाही. मैदानात नाही, गच्चीवर नाही. बाबा आल्या पावली सायकल घेऊन बाहेर पडले. तू दारात उभी. दिवेलागणीला हिराबाय त्याला हाताला धरून घेऊन आली. वाशीगावातून आपल्याकडे मासळी घेऊन यायची, ती. डोक्यावरची पाटीसुद्धा तिने उतरवली नव्हती.

"बाय, यो तुजाच पोर हाय ना? धक्क्यावर बसलेला. मगासधरना बोलतंय, घरी जानार नाय. मारू नको त्याला. लय भ्यायलाय."

तू त्याला मारलं नाहीस, जवळही घेतलं नाहीस. हातपाय धुवायला पाठवलंस आणि ताट वाढलंस.

बाबा परत आले तेव्हा तो जेवत होता. ते खुर्चीवर बसले आणि बराच वेळ चपलाच काढेनात. मग म्हणाले, "राहू दे. देऊन टाकू ते कुणाला तरी."

"थोडे दिवस माझ्याकडे द्या," तू म्हणालीस.

"काय?"

"त्याचा सराव."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काहीच नाही. म्हणून तर म्हणते."

आई, हे तू आधी ठरवलं होतंस की तोंडातून निघून गेलं? मला खरंच उत्सुकता आहे.

दुसऱ्या दिवसापासून घड्याळ कपाटावर गेलं. चहा झाला की तू आतल्या खोलीत सतरंजी टाकायचीस. "संजू, सरांनी काय सांगितलंय ते मला दाखव." त्याने कसंबसं सा रे ग म वाजवलं. मग तू हात पुढे केलास. "आण इकडे. मला जमतं का बघू."

तो आवाज मी विसरलेले नाही. दार कुरकुरावं आणि त्याच वेळी मांजराची शेपटी दारात सापडावी, तसा. संजू हसून हसून सतरंजीवर लोळला. व्हायोलिन घरात आल्यापासून तो त्याच्याजवळ पहिल्यांदा हसत होता.

"हसतोस काय? कुठे चुकलं सांग की!"

"आई, गज तिरका धरलायस. आणि बोट असं नाही, असं."

आणि तुला दाखवताना त्याचं बोट बरोबर जागी पडलं. तू लगेच पुढचं बोट विचारलंस. मी मात्र पुस्तकातून मान वर केली.

तुझ्या युक्त्या मला हळूहळू कळत गेल्या. त्याचं जिथे अडायचं, नेमका तोच तुकडा तुला "जमायचा" नाही. "अख्खं नको रे, तो मधला भाग तेवढा दाखव. तो माझ्या डोक्यातच शिरत नाही." तो रागावून तोच तुकडा परत परत वाजवायचा. आणि रंगात आला की तू उठायचीस. "पुरे आता. भाकऱ्या कोण करणार?" मग तोच मागे लागायचा, "एकदाच, आई! शेवटचं!" एखाद्या दिवशी त्याचं लक्षच नसलं, तर सतरंजी गुंडाळायचीस आणि दोघं मिळून शेंगा सोलायचात. त्याबद्दल चकार शब्द नाही.

वरच्या सबनीस वहिनी एकदा खाली आल्या. "अहो, मुलाचं आम्ही समजू शकतो. पण तुम्ही कशाला?" तू त्यांना चहा दिलास आणि म्हणालीस, "काय करू, घरात शिकवणारा आहे तर शिकून घेते." वहिनी पुन्हा तक्रारीला आल्या नाहीत. पुढे त्यांचीच मुलगी हार्मोनियम शिकायला लागली, तेव्हा तुम्ही दोघी तासभर जिन्यात काय बोलत होतात?

वर्षभरात संजू भूप राग वाजवायला लागला. ओगले सर बाबांना म्हणाले, "आता वाजवतो." बाबांनी नुसती मान हलवली.

आणि तू? पहिल्यांदा तू मुद्दाम चुकत होतीस की खरंच, देव जाणे. पण काही वर्षांनी तू चुकत नव्हतीस. तुझ्या डाव्या हाताची बोटं टोकाशी घट्ट झाली होती. सरांनी ती चहाचा कप घेताना पाहिली. "वहिनी, तुम्हीही बसा की रविवारी."

"छे हो! मी आपली त्याच्यासाठी."

तुझं ते "त्याच्यासाठी" तेव्हाही मला पटलं नव्हतं.

संजू नववीत असताना सरांनी त्याच्यासाठी मोठं व्हायोलिन निवडून आणलं. त्याच सुमारास तो एका संध्याकाळी म्हणाला, "आई, आता तू नको बसूस. मला एकट्याला वाजवायचंय."

उद्धटपणे म्हणाला नाही. त्याच्या दृष्टीने साधीच गोष्ट होती. तू "बरं" म्हणालीस, उठलीस, जाताना दार लोटून घेतलंस आणि कुकर लावलास. मी विचारलं, "आई, वाईट वाटलं?"

"वाईट काय त्यात? याचसाठी तर केलं ना सगळं."

उत्तर बरोबर होतं. पण त्यानंतर संध्याकाळी चहा झाला की तुला काय करावं ते सुचेनासं झालं. फडताळं पुसायचीस. पुसलेली परत पुसायचीस. आतून संजू वाजवत असायचा आणि तुझा हात मधेच थांबायचा. छोटं व्हायोलिन कपाटावर पडलं होतं. तू ते स्वतःसाठी का नाही काढलंस? कोण अडवणार होतं? आई, तुला स्वतःसाठी काही घ्यायचं म्हटलं की दुसऱ्या कुणाचं तरी नाव लागायचं. याचा मला आजही राग येतो.

हे सगळं बाबांच्याही लक्षात आलं होतं, याची मला कल्पना नव्हती. एका रविवारी सर गेल्यावर त्यांनी स्टुलावर चढून ते छोटं व्हायोलिन काढलं. धूळ पुसली. तू पोळ्या लाटत होतीस. ते ओट्याशी येऊन उभे राहिले.

"तू का थांबलीस?"

"तो मोठा झाला."

"मग मला शिकव."

तू लाटणं ठेवलंस. "तुम्हाला?"

"लहानपणी मला हवं होतं. आमच्याकडे ते बोलायचीही सोय नव्हती." मग गज हातात घेऊन म्हणाले, "जमणार नाही म्हणतेस का?"

"मी कुठे काय म्हणतेय? गॅस बंद करून येते."

तुम्ही दोघं सतरंजीवर बसलात. बाबांच्या राकट हातात ते व्हायोलिन खेळण्यासारखं दिसत होतं. त्यांनी गज ओढला आणि सबनीसांच्या खिडकीची झडप धाडकन लागली! संजू दारात येऊन उभा राहिला. त्याला हसू फुटणार, तेवढ्यात तू त्याच्याकडे नुसतं पाहिलंस. तो आत गेला. बाबा घामाघूम झाले होते. तू त्यांचा कोपर धरून थोडा खाली आणलास आणि म्हणालीस, "घाई नाही."

संजू मोठा वादक वगैरे झाला नाही. बडोद्याला नोकरी करतो, मित्रांबरोबर वाजवतो, त्यात खूश असतो. बडोद्याला जाताना त्याने मोठं व्हायोलिन तुमच्यासाठी ठेवलं. त्यावर तू छान वाजवायचीस आणि बाबा बेताचं. इतक्या वर्षांत त्यांचा गंधार, सा रे ग मधला ग, कधी जागेवर आला नाही, आणि तू ते कधी त्यांना दाखवूनही दिलं नाहीस.

तू गेल्यावर त्यांनी व्हायोलिनची पेटी उघडली नव्हती. मागच्या रविवारी मी खालून वर आले तेव्हा ते वाजवत होते. मला पाहून थांबले.

"तुझी आई ऐकून गप्प बसायची," म्हणाले. "आता ऐकतच कुणी नाही."

मी आत जाऊन चहा ठेवला.

तर आई, एक सांगते. दर रविवारी मी वाशीला जाईन. चहा मी करीन. ते वाजवायला बसले की समोर बसेन, आणि त्यांचं वाजवून होईपर्यंत मोबाइल बघणार नाही की घड्याळ बघणार नाही. गंधाराचंही काही बोलणार नाही.

तुझी,
सुनीता