पाच कचेऱ्या आणि दहा टोके

गौलीगुडा, हैदराबाद
१९ ऑक्टोबर १९९७

सन्माननीय (आणि होऊ घातलेले) व्याही श्री. एकनाथराव यांस मुकुंद उमरीकर याचा सप्रेम नमस्कार वि. वि.

आपली गुडघेदुखी आता कशी आहे? सौ. वहिनींनी पाठवलेले लिंबाचे लोणचे पोचले. बरणी वाटेत फुटली नाही, हे नांदेडच्या एस.टी.चे उपकारच. (रोज एक फोड मी डॉक्टरांच्या नकळत खातो. आमच्या हिला कळवू नये.) इकडे मी, सौ. वासंती आणि चि. शिल्पा खुशाल आहोत. शिल्पा राजीनामा कधी देते, असे आपण दसऱ्याआधीच्या पत्रात विचारले आहे. त्याचे उत्तर देतोच, पण त्या नोकरीत ती करते काय, हे आधी आपल्या कानावर घालतो. लग्नाच्या बैठकीत आपण "मुलगी तारा ओढते म्हणे" असे हसून म्हणालात आणि मीही हसलो. ते हसू तेव्हापासून घशात अडकले आहे.

तर तिच्या दक्खन बियाणे महामंडळाची मुख्य कचेरी विद्यानगरला, आणि नल्लाकुंटा, अंबरपेठ, काचीगुडा, कोठी व आमचे गौलीगुडा अशा पाच ठिकाणी लहान कचेऱ्या. प्रत्येक कचेरीतले कॉम्प्युटर आपापसात बोलत, पण एका कचेरीचे दुसरीला ऐकू जात नसे. कोठीत भुईमुगाचे बियाणे किती उरले हे विद्यानगरला कळायचे, ते शिपाई फ्लॉपी घेऊन सायकलवरून पोचल्यावर, आणि त्याची सासुरवाडी नेमकी वाटेत होती. मग मोकळ्या बाजाराचे दिवस आले, बाहेरच्या कंपन्या दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि मोठ्या साहेबांना घाई सुटली. काम शिल्पाच्या अंगावर पडले. तिने या कचेऱ्या काचेच्या, केसाएवढ्या बारीक धाग्यांनी जोडल्या. त्या धाग्यांतून वीज जात नाही, उजेड जातो. (लाइनमन यादगिरी मला खांबावरून ओरडून म्हणाला, "मास्टरसाब, तार में करंट नै, उजाला जाता बोल रै मॅडम. मेरे कू हौला समझे क्या?" हौला म्हणजे खुळा. मी त्याला म्हटले, बाबा रे, मी शास्त्राचा मास्तर, तरी मलाही हीच शंका आहे.) एकनाथराव, प्रकाश सरळ रेषेत प्रवास करतो, असे मी बत्तीस वर्षे सातवीच्या पोरांकडून घोकून घेतले, आणि माझी मुलगी तोच प्रकाश काचीगुड्याच्या कोपऱ्यावर वळवते, मिरचीच्या गिरणीवरून नेते आणि कोठीत खाली उतरवते! जुना विद्यार्थी रस्त्यात भेटला की आता मीच नजर चुकवतो.

लांबच्या वाटेने उजेड दमतो. म्हणून मध्ये मध्ये रिपीटर नावाच्या पेट्या बसवल्या आहेत. अलीकडून मिणमिणते आले ते पलीकडे पुन्हा ठणठणीत करून सोडायचे, एवढेच त्यांचे काम. एका सल्लागार कंपनीची माणसे (तिघांचेही टाय एकाच रंगाचे) म्हणाली की, सगळ्या कचेऱ्या अशाच रिपीटरांनी एकापुढे एक ओवून टाका. शिल्पा भर बैठकीत नाही म्हणाली. रिपीटरला ऐकले ते पुढे ओरडण्यापलीकडे अक्कल नसते, सहा कचेऱ्या एकदम बोलल्या तर मंडई होईल, असे तिचे म्हणणे. तिने प्रत्येक कचेरीचा धागा वेगळा विद्यानगरला आणला आणि तिथे मधोमध एक स्विच बसवला. तो आलेल्या निरोपावरचा पत्ता वाचतो आणि ज्याचे त्यालाच देतो. (आमच्या घरी हे खाते सौ.कडे आहे.) साहेबांनी मान्य केले, पण बजावले की सोमवारी उद्घाटनाला हे चालले नाही, तर काम त्या टायवाल्यांना आणि शिल्पा पुन्हा टायपिंग विभागात.

त्याआधीच्या शुक्रवारी खंडेनवमी होती. कचेरीत यंत्रांची पूजा झाली, घरच्या मंडळींनाही बोलावले होते. त्यांत एक सेवानिवृत्त सद्गृहस्थ होते. नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. त्यांनी कॉम्प्युटरला कुंकू लावले, स्विचला लावले, पंख्यालाही लावले, तरी ताटात कुंकू उरले. बाजूला पाच कचेऱ्यांच्या धाग्यांची दहा टोके ओळीने ठेवली होती. (प्रत्येकीचे दोन धागे, एक जाणारा, एक येणारा.) टोकांवर इवलीशी टोपणे होती. टोपी घातलेल्या कपाळाला कुंकू कसे लावावे? म्हणून सद्गृहस्थांनी दहाही टोपणे काढली, दहा बोटे लावली, भक्तिभावाने हात जोडले आणि टोपणे जिथल्या तिथे बसवून ठेवली. शिस्तीचा माणूस असावा.

सोमवारी सकाळी हारतुरे झाले. फिटरने घाईघाईत टोपणे काढून टोके स्विचमध्ये खोचली. साहेबांनी बटण दाबले आणि काहीही झाले नाही. स्विचवर प्रत्येक कचेरीचा एक दिवा होता, त्या पाचांपैकी एकही लागेना. टायवाले मागच्या रांगेत एकमेकांकडे पाहू लागले. साहेबांनी "एमैंदम्मा?" म्हणून विचारले, म्हणजे काय झाले गं बाई, पण सूर काही माहेरचा नव्हता. माझी मुलगी घाबरली नाही. तिने एक टोक काढले, हातातल्या छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि बराच वेळ पाहिले. मग मान वर करून पहिल्या रांगेत बसलेल्या त्या सद्गृहस्थांकडे पाहिले. सद्गृहस्थ छताकडे पाहत होते. ती म्हणाली, "सर, धूळ आहे. दहा मिनिटं द्या." फिटरची स्पिरिटची बाटली कोरडी निघाली, तेव्हा मंडळींतला एक तरुण धावत जाऊन औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणि कापूस घेऊन आला. तिने दहाही टोके एकेक करून पुसली आणि पुन्हा खोचली. पाच हिरवे दिवे लागले. विद्यानगरच्या पडद्यावर गौलीगुड्याहून पहिला निरोप आला: "तिकडे पेढे वाटले का?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला काही दिसत नव्हते, चष्मा ओला झाला होता.

बाकी सर्व ठीक. आपला लोभ आहेच. खालचा मजकूर वाचूनही उरला तर तो वाढवावा.

आपला,
मुकुंद उमरीकर

ता. क. १: ते सद्गृहस्थ मीच. अपारदर्शक पदार्थाची व्याख्या बत्तीस वर्षे फळ्यावर लिहिली आणि उजेडाच्या वाटेवर स्वतःच्या हाताने कुंकू फासले. संध्याकाळी मी तिला विचारले की माझे नाव का सांगितले नाहीस. तिने देवघरातून करंडा आणला, माझ्यापुढे बसली आणि म्हणाली, "बाबा, इथं लावा. इथलं काही बंद पडत नाही."

ता. क. २: आता राजीनाम्याचे. बैठकीत "सोडेल की नोकरी" असे मी बोलून गेलो, तेव्हा तिला विचारले नव्हते. तो शब्द माझा होता, तिचा नव्हता, आणि तो मी परत घेतो. शब्द फिरवणारा व्याही चालत नसेल तर तसे स्पष्ट कळवावे. पण ज्या कुंकवाने दिवा विझतो, ते मी एकदा लावले आहे. दुसऱ्यांदा लावणार नाही.

ता. क. ३: स्पिरिट आणायला धावलेला तरुण म्हणजे आपले चि. पराग. सिकंदराबादच्या बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून आले होते. रजेच्या अर्जात त्यांनी कारण लिहिले होते: घरचे कार्य.