निळा ठिपका कुठे गेला

मंगळवार, दुपारी तीन वाजता

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (खोलीत पूर्ण आडवं व्हायला जागा नसल्यामुळे पाय दुमडले आहेत, पण नमस्कार पुराच समजावा.) तुझे गुडघे कसे आहेत? डाव्या कानात अजून पाणी उकळल्यासारखा आवाज येतो का? माझी तब्येत ठीक आहे. भूक लागते, झोपही लागते, फक्त दोन्ही ठरल्या वेळी लागत नाहीत.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. चार वेळा वाचलं. तुझ्या फोनवरचा माझा निळा ठिपका तीन दिवस दिसेनासा झाला, तू भिंगातून पाहिलंस, चष्मा पुसून पाहिलंस, शेवटी फोनच ओल्या फडक्यानं पुसलास, आणि मग शेजारच्या शिक्षिकाबाईंनी सांगितलं की माणूस कुठे आहे ते दाखवणं त्या नकाशाच्या ॲपनं फुकटातून काढून पैसेवाल्यांच्या कप्प्यात टाकलं आहे. इथवर सगळं खरं आहे. पण पुढे तू लिहितेस की कानाच्या यंत्रासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून तू त्याची वर्षभराची वर्गणी भरणार आहेस. आत्या, असं करू नकोस. निदान हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय करू नकोस (मागची बाजूही वाच, मी दोन्ही बाजूंनी लिहितो). चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून तू साऱ्या जगाला जोडून दिलंस आणि आता तुलाच फोनवर माझं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तो ठिपका, हे मला कळतं. ठिपका हलला की पोरगं कामाला लागलं, थांबला की जेवायला बसलं, असं तू शिक्षिकाबाईंना सांगतेस. म्हणून तर हे पत्र लिहायला हात धजत नव्हता.

त्या ॲपनं एकदम काही नेलं नाही. भाडेकरू काढायचा असला की घरमालक आधी गच्चीला कुलूप लावतो, मग पाण्याची वेळ कमी करतो, मग जिन्यातला दिवा काढून नेतो, तशी त्याची रीत. आधी नेट नसताना चालणारा नकाशा गेला. मी म्हटलं, जाऊ दे, नेट आहे. मग गाडी कुठे लावली ते लक्षात ठेवणं गेलं. मी म्हटलं, आपली स्कूटर आपल्याला सापडते. (सापडली, पण दीड तासानं.) दर वेळी त्या जागी एक छोटं सोनेरी कुलूप यायचं आणि खाली लिहिलेलं असायचं की हा बदल तुमच्या सोयीसाठी आहे.

माझं काम तू लोकांना ‘वैद्यकीय खात्यात’ असं सांगतेस. खरं म्हणजे दातांच्या लॅबमध्ये तयार झालेल्या कवळ्या स्कूटरवरून दवाखान्यांत पोचवणं, रोज नऊ दवाखाने. ॲप नऊही थांबे सोयीच्या क्रमानं लावून द्यायचं. त्यावर विसंबून मी एक सुधारणा केली होती. डब्यावर दवाखान्याचं नाव लिहायचं सोडून थांब्याचा आकडा लिहायचा, एक ते नऊ, लाल शाईनं. (नावं लांब असतात आणि शुद्धलेखनाची जोखीम असते. मी शाळा नववीत सोडली, पण ऱ्हस्वदीर्घ सोडलेलं नाही.) लॅबच्या मालकांना ही पद्धत आवडली होती. हे लक्षात ठेव, आवडली होती. एका सोमवारी तिसरा डबा देऊन खाली आलो तर पडद्यावर सोनेरी कुलूप. एका वेळी एकच ठिकाण फुकट, पुढचे थांबे हवे असतील तर सदस्य व्हा. यादी गेली. माझ्यापाशी उरले चार ते नऊ असे सहा डबे, आणि कुठला आकडा कोणाचा हे फक्त त्या कुलपाला ठाऊक.

शहाण्या माणसानं लॅबला फोन केला असता. मला वाटलं, मालक म्हणतील, एवढंही लक्षात राहत नाही? म्हणून आठवून आठवून वाटले. आठवण तशी चांगली निघाली, सहापैकी दोनच चुकले. पण एका निवृत्त वकिलांना जी कवळी गेली तिनं त्यांचं तोंड मिटेना, आणि वकिलांची ज्या बाईंना गेली त्या आरशासमोरून उठेनात. मी हात जोडून परत मागितली. “सैल आहे,” बाई म्हणाल्या, “पण शोभते. मी नाही देणार.” डॉक्टर म्हणाले, “अहो, दुसऱ्यांची आहे ती!” “मग त्यांना माझी द्या. आमच्या ह्यांनी वीस वर्षांत आज पहिल्यांदा पेपर खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.” यावर डॉक्टरांनी मालकांना फोन लावला. मालक काय म्हणाले, ते पुढे येईल.

तेव्हापासून मी दुसरा नकाशा घेतला आहे. हा लोकांनी फावल्या वेळात मिळून काढलेला आहे. तो नाव विचारत नाही, नंबर विचारत नाही, नेटशिवाय चालतो, पैसे मागत नाही. जुना म्हणजे खिडकीत बसलेली शेजारीण. कधी गेलास, कुठे थांबलास, सगळं ध्यानात ठेवणार आणि दुकानदारांच्या कानावर घालणार. (केस गळण्यावरच्या दवाखान्याखाली एकदाच स्कूटर लावली, तर महिनाभर मला टोपांच्या जाहिराती.) नव्याला कालचं काही आठवत नाही. रोज सकाळी नव्यानं ओळख. आधी अपमान वाटला, आता बरं वाटतं. आपलं कालचं कुणाला आठवत नसलेलं बरं. त्याचा दोष एवढाच की लोकांना जे आवडलं तेच त्यांनी काढलं. इथला प्रत्येक पाण्याचा नळ त्यात आहे, दातांचा दवाखाना एक नाही. जे नाही ते आपण भरायचं. मी नऊही दवाखाने भरले (दुसरा मजला, जिना अरुंद, नववी पायरी सैल). मग बागेतली बाकं घेतली. दिवसा वहीत टिपून घ्यायचो, संध्याकाळी नकाशात चढवायचो. (फोन दिवसा हाताशी नसायचा. कारण पुढे.) आजवर एकेचाळीस झाली, पैकी सात पाठ नसलेली. कुणा अनोळखी माणसानं ‘आभार’ असं कळवलं. या वर्षात मला मिळालेली ती एकमेव शाबासकी.

आता तुझा प्रश्न. ठिपका रोज दुपारी ब्युटी पार्लरपाशी चाळीस मिनिटं थांबायचा, तर मुलगी कशी आहे, उंच आहे का, असं तू विचारलंस, आणि आईची बांगडी पॉलिशला दिलीस म्हणून लिहिलंस. उत्तर सविस्तर द्यायचं होतं, पण कागद संपत आला. शिक्षिकाबाईंना नमस्कार. गुडघ्यांना जप.

तुझा आज्ञाधारक भाचा

ता. क. – कागद संपलेला नाही. पार्लरपाशी थांबायचा तो मी नव्हे, शिट्टी. शिट्टी म्हणजे लॅबमधला माझा मित्र, सतत शीळ घालतो म्हणून हे नाव. मुलगी उंच आहे, हसरीही आहे, पण त्याची आहे. बांगडी परत आणून ठेव.

ता. क. २ – माझा ठिपका शिट्टीच्या खिशात कसा, असं तू विचारशील. मालक त्या सोमवारी म्हणाले, “त्या नकाशाचं कुलूप तू माझ्या धंद्याला लावलंस. उद्यापासून येऊ नकोस.” याला नऊ आठवडे झाले. माझ्याकडची लॅबची स्कूटर आणि फेरी शिट्टीला मिळाली. ठिपका थांबलेला तुला दिसू नये म्हणून मी रोज सकाळी फोन त्याच्या खिशात घालायचो आणि संध्याकाळी परत घ्यायचो. नऊ आठवडे तू माझ्यावर नाही, त्याच्यावर लक्ष ठेवलंस, आणि तो वेळेवर जेवतो म्हणून तुला समाधान वाटलं. मी बागेत असतो. एकेचाळीस बाकं कशी झाली ते आता कळलं असेल. ठिपका कुलपामागे गेला त्या दिवशी मी सुटलो असं वाटलं, तोच तुझं वर्गणीचं पत्र आलं. वर्गणी भरलीस तर तुला वर्षभर एक बाक दिसेल. कानाचं यंत्र घे.

ता. क. ३ – नव्या नकाशात तुझी गल्ली शोधली. नुसती राखाडी रेघ आहे आणि रेघेच्या शेवटी काहीच नाही. तुझं घर कुणी भरलेलं नाही. ते भरायला मी येऊ का? पुढच्या गुरुवारी चारच्या गाडीनं पोचेन, आणि काम मिळेपर्यंत राहीन. हा नकाशा मी कुठे आहे ते कुणाला सांगत नाही, त्यामुळे निघालेला मी तुला दिसणार नाही, आणि दार वाजवलं तर तुला ऐकू येणार नाही. म्हणून गुरुवारी चारनंतर दार नुसतं लोटून ठेव. मी यायला नको असेल तर कडी लाव, मी बाहेरची पायरी तेवढी नकाशात भरून परत जाईन. पण शक्यतो लोटूनच ठेव.